झाकण उघडू नये

अमेरिकेहून येणाऱ्या सामानाचा कुणीतरी एकदा नीट इतिहास लिहायला हवा. पहिल्या पर्वात बदाम, चॉकलेटं आणि अंगाचे साबण आले. दुसऱ्या पर्वात व्हिटॅमिनच्या बरण्या, गुडघ्याचे पट्टे आणि ‘तिकडे सेलमध्ये मिळाले’ असे टॉवेल आले. पुढे हे सगळं आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायला लागलं आणि तिकडच्या मंडळींची पंचाईत झाली. त्या पंचाइतीतून तिसरं पर्व सुरू झालं, ते स्वयंपाकाच्या यंत्रांचं. या पर्वाचा मानकरी म्हणजे स्लो कुकर.

यंत्र दिसायला गरीब असतं. चिनीमातीसारखं जाडजूड भांडं, ते बसायला विजेची तार गुंडाळलेला बाहेरचा डबा, वर काचेचं झाकण आणि पुढे एक खटका. खटक्यावर तीन शब्द: लो, हाय, वॉर्म. भांडं इतकं वजनदार की विमानाच्या २३ किलोंतला मोठा वाटा तेच खातं, आणि ते आणणाऱ्याच्या त्यागाकडे बघूनच घेणाऱ्याचा ‘नको’ म्हणण्याचा धीर होत नाही. मग घरी आल्यावर कळतं की तिकडची वीज १२० व्होल्टची आणि आपली २३० ची. म्हणजे मध्ये एक ट्रान्सफॉर्मर हवा. तो बाजारात मिळतो, कुकरच्या निम्म्या वजनाचा असतो, ओट्यावर बसतो आणि दिवसभर गुणगुणतो. कुकर मात्र काहीही बोलत नाही. हा विजेचा घोळ टाळायचा तर इथेच घ्यावा. आता आपल्याकडेही मिळतात.

‘शाकाहारी माणसाला याचा उपयोग आहे का?’ हा प्रश्न मला अलीकडे बऱ्याच जणी विचारतात, कारण आमच्याकडे तो आहे. धाकट्या जाऊबाईंनी न्यू जर्सीहून आणला. आणतानाच फोनवर मंत्र दिला होता, ‘‘वहिनी, सकाळी सगळं आत टाकायचं, खटका फिरवायचा आणि विसरून जायचं.’’

या वाक्यातला प्रत्येक शब्द तपासून घ्यावा लागतो. ‘सगळं आत टाकायचं’ हे पुढे पाहू. आधी ‘विसरून जायचं’ घेऊ. मराठी माणूस कोल्हापूरला दोन दिवस जायचं म्हटलं तरी गॅसचा खटका, गिझरचा खटका आणि मेन स्विच बंद करतो, कुलूप ओढून बघतो, जिना उतरतो, आणि ‘इस्त्री राहिली का गं?’ म्हणून परत वर येतो. त्या माणसाला सांगायचं की घरात कुणी नसताना विजेवरचं भांडं आठ तास चालू ठेवून कचेरीत जा. तो जाईल, पण त्याचं मन ओट्यापाशीच राहील. नवरा एकदा तसा गेला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याने शेजारच्या काकूंना फोन करून आमच्या दारातून जळका वास येतोय का ते बघायला सांगितलं. काकू आल्या, दाराला नाक लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘वास येतोय, पण छोल्यांचा.’’

दुसरी अडचण झाकणाची. स्लो कुकरबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत बजावलेलं असतं की झाकण उघडू नये. एकदा उघडलंत तर गेलेली उष्णता परत यायला वीस ते तीस मिनिटं लागतील, शिजवायची वेळ तेवढी वाढवा. ही सूचना ज्याने लिहिली त्याने मराठी स्वयंपाकघर पाहिलेलं नाही. आपल्याकडे झाकण उघडणं हा घरात शिरण्याचा विधी आहे. मुलगा शाळेतून आला की दप्तर फेकायच्या आधी झाकण उघडतो. नवरा आला की ‘काय केलंयस आज?’ असं मला विचारतो आणि उत्तर भांड्याकडून घेतो. सासूबाई तर उघडतात, वाकून वास घेतात, चमच्यावर एक दाणा काढून दोन बोटांत चेपून बघतात आणि दाणा चेपला नाही की माझ्याकडे बघतात.

‘‘अगं, हे शिजतंय ना?’’

‘‘शिजतंय, आई.’’

‘‘आवाज नाही काही.’’

‘‘त्याला आवाज नसतो.’’

‘‘मग कळायचं कसं?’’

हा प्रश्न मला कमालीचा शास्त्रीय वाटतो. प्रेशर कुकर बोलतो. आपल्या घरांतली वेळ मिनिटांत नव्हे, शिट्ट्यांत मोजली जाते. ‘तीन झाल्या की बंद कर’ एवढं सांगून बाई निर्धास्त अंघोळीला जाते आणि आतून ओरडते, ‘किती झाल्या?’ बाहेरचे दोघे दोन वेगळे आकडे सांगतात, तरी वरण होतं. शेजाऱ्यांच्या घरी आज छोले आहेत की नुसता भात, हे शिट्ट्या मोजून सांगता येतं. स्लो कुकरच्या पोटात मात्र काय चाललंय याचा पत्ता लागत नाही. ना रटरट, ना खदखद, ना वाफेचा फुसकारा. तासाभराने काचेवर थोडा घाम येतो, तीच काय ती खूण. त्या दिवशी आमचं झाकण घरातल्या प्रत्येकाने आपापल्या अधिकारात उघडलं आणि छोले रात्रीच्या जेवणाऐवजी दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्याला झाले.

आता इतिहास. तो सांगितल्यावाचून माझी पुढची तक्रार कळणार नाही.

अर्व्हिंग नॅक्सन नावाचा एक संशोधक अमेरिकेत होऊन गेला. त्याची आई विल्ना गावची, म्हणजे आजच्या लिथुआनियातलं विल्नियस. ज्यू लोकांत शब्बाथला, शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत, चूल पेटवायची नाही. मग शनिवारी गरम जेवायचं कसं? विल्नाच्या बायका शुक्रवारी संध्याकाळी कडधान्यांचं भांडं गावच्या पाववाल्याकडे पाठवायच्या. भट्टी विझलेली, पण धग रात्रभर राहणारी. त्या धगीवर शिजणाऱ्या पदार्थाचं नाव चोलंट. आईकडून ही हकीकत ऐकलेल्या नॅक्सनने धगीचं काम विजेवर करणारं भांडं तयार केलं, १९३६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० मध्ये ते मिळवलं. पुढे हे भांडं ‘नॅक्सन बीनरी’ या नावाने विकलं गेलं, म्हणजे घेवडे शिजवायचं यंत्र. १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला, भांड्याला नवं रूप दिलं आणि १९७१ मध्ये ते ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आणलं. नोकरीवर जाणाऱ्या बायकांची संख्या तिकडे तेव्हा वाढत होती. सकाळी मांस-बटाटे टाकून जायचं आणि संध्याकाळी सहाला जेवायला बसायचं, या वेळापत्रकात ते चपखल बसलं.

जाता जाता एक. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले, असं त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवत, मराठी बोलत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. नॅक्सनच्या पूर्वजांचं गलबत विल्नाऐवजी नवगावला लागलं असतं तर जगातला पहिला स्लो कुकर वालाच्या बिरड्यासाठी निघाला असता आणि मला हा लेख लिहावा लागला नसता.

आणि आपला प्रेशर कुकर कुठून आला? देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये घट्ट झाकणाचं, वाफ कोंडणारं भांडं केलं आणि लंडनच्या विद्वानांना दाखवलं. दोन वर्षांनी त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. पुस्तकाच्या नावातच यंत्राचं काम सांगितलं आहे: हाडं मऊ करणं.

बघा आता. घेवडे शिजवण्यासाठी जन्मलेलं यंत्र मांसाहाऱ्यांच्या ओट्यावर गेलं आणि हाडं मऊ करण्यासाठी जन्मलेल्या यंत्रात सदाशिव पेठ रोज वरणभात शिजवते, तेही सोवळ्यात.

ही अदलाबदल उगाच झालेली नाही. मांसाचे जे कष्टाळू भाग असतात, पायाचे, खांद्याचे, त्यांत कोलॅजन नावाचा चिवट धागा असतो. मंद आचेवर तासन् तास ठेवलं की तो विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि मांस मऊ पडतं. घाई केली तर ते आक्रसून चामडं होतं. म्हणजे तिथे मंदपणाला काम आहे. आपल्या दुधी भोपळ्यात विरघळवण्यासारखं असं काही नाही. पालकात तर नाहीच. भाजीला धरून ठेवतं ते पेक्टिन, आणि ते सैल पडायला साधारण ८५ अंशांच्या वर उष्णता लागते. स्लो कुकर तिथवर रमतगमत पोचतो. त्यामुळे त्यात एक चमत्कार घडतो: मटण शिजतं आणि बटाटा कच्चा राहतो. खोटं वाटत असेल तर पुस्तिका उघडा. बटाटे, गाजरं तळाशी घाला, मांस वर, असं त्यात सांगितलेलं असतं, कारण कंदांना जास्त वेळ लागतो. आपल्याकडे मांस नाहीच. मग राहतो तळाचा बटाटा. त्यात टोमॅटो, चिंच किंवा आमसूल आधी पडलं की संपलंच. आंबटाने भाजी आणि डाळ दोन्ही अडून बसतात. आंबट शेवटी घालावं, हे आपल्या आज्यांना पेक्टिनचं नाव न ऐकता ठाऊक होतं. बोअरचं जड पाणी असेल तर डाळीचा हट्ट आणखी वाढतो; मग चिमटीभर सोडा.

आता ‘सगळं आत टाकायचं’. काय टाकायचं? आपल्या जेवणाची चव जिथे जन्मते त्या जागा मोजा. फोडणी: मोहरी तडतडली पाहिजे, हिंग तेलात फुलला पाहिजे. वाटण: कांदा-खोबरं तव्यावर काळपट होईस्तोवर भाजलं पाहिजे. परतणं: मसाल्याला तेल सुटलं पाहिजे. यातलं प्रत्येक काम पाण्याच्या उकळबिंदूच्या बरंच वर होतं. स्लो कुकर शंभर अंशांच्या वर जायला मुळातच तयार नाही. लो आणि हाय दोन्ही शेवटी साधारण त्याच उष्णतेला पोचतात, हाय जरा लवकर आणि लो निवांत. म्हणजे फोडणी कढल्यात करायची, वाटण तव्यावर भाजून मिक्सरमधून काढायचं, कांदा कढईत परतायचा आणि मग ते सगळं त्या भांड्यात ओतायचं. इतकं झाल्यावर कढई गॅसवरच आहे आणि गॅसही चालूच आहे. त्यात पाणी घालून झाकण ठेवलं तर भाजी पंधरा मिनिटांत होते. पण नाही, ती उचलून दुसऱ्या भांड्यात आठ तास ठेवायची, आणि रात्री घासायला कढई, कढलं, तवा, मिक्सरचं भांडं आणि ते चिनीमातीचं धूड.

माझी खरी तक्रार इथे आहे. शाकाहारी स्वयंपाकात वेळ शिजवण्यात जातच नाही. मेथीची जुडी घ्या. शिजायला सात मिनिटं. निवडायला पाऊण तास, तोही समोर मालिका चालू असेल आणि दुसरं कुणी मदतीला बसलं असेल तर. मटकी शिजते दहा मिनिटांत; पण काल सकाळी भिजवलेली असते, रात्री उपसून फडक्यात बांधलेली असते आणि मोड येईपर्यंत वाट बघितलेली असते. डाळिंब्यांची उसळ करायची म्हणजे भिजवून मोड आणलेला एकेक वाल बोटांनी सोलायचा; तेव्हा म्हणे ते ‘सोपं’ जेवण होतं. शिवाय नारळ खवायचा, कोशिंबिरीला काकडी चोचवायची, आणि या सगळ्यावर कळस म्हणजे पोळ्या. घरात चार माणसं असतील तर पोळ्यांपुढे बाकीचा स्वयंपाक किरकोळ असतो. स्लो कुकर यातलं काहीही करत नाही. तो ना निवडतो, ना सोलतो, ना लाटतो. आमच्या स्वयंपाकातली जी एकच गोष्ट झटपट होती, शिजणं, तीच काय ती त्याने मंद केली.

आणि पिठलं! रात्री नऊला दारात पाहुणे उभे राहिले की दहा मिनिटांत पिठलं-भात होतो, हा महाराष्ट्राच्या आतिथ्याचा पाया आहे. स्लो कुकरवाल्या घरी यायचं तर पाहुण्यांनी सकाळी कळवावं लागेल.

वेळेचा घोळ आणखी पुढे आहे. अमेरिकेत घड्याळ सोपं: सकाळी लावा, संध्याकाळी जेवा. आमचं मुख्य जेवण सकाळी साडेसातला डब्यात जातं. म्हणजे कुकर रात्री लावायला हवा. लावला. छोले होते. पहाटे तीनच्या सुमारास अख्ख्या घराला जाग आली, कारण छोले आणि गरम मसाला यांचा वास कुणाला विचारून येत नाही. सासूबाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘या वरच्या मजल्यावरच्यांना रात्रीचं काय खावंसं वाटतं कोण जाणे.’’ नवऱ्याला भूक लागली. मुलगा उठून झाकण उघडून आला. सकाळी सहाला छोले तयार होते आणि सहाला जगातल्या कुणालाही छोले नको असतात, चहा हवा असतो.

छोल्यांचं एवढंच, की ते निदान निरुपद्रवी आहेत. राजम्याचं तसं नाही, आणि इथे मी विनोद बाजूला ठेवते. लाल राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचा विषारी घटक असतो. नाव उच्चारता आलं नाही तरी चालेल, पण परिणाम लक्षात ठेवा: कच्चे चार-पाच दाणेसुद्धा पोटात गेले तरी एक ते तीन तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. खळखळून उकळलं की तो नष्ट होतो. मंद आचेवर, ८० अंशांच्या आसपास, तो नष्ट होत नाही, उलट अशा अर्धवट शिजलेल्या दाण्यांत तो कच्च्या दाण्यांपेक्षाही जास्त त्रासदायक ठरू शकतो. आणि स्लो कुकर नेमका त्याच आचेवर बराच वेळ रेंगाळतो. ज्याचं जुनं नावच घेवडे शिजवायचं यंत्र, त्यात हा एक घेवडा थेट टाकायचा नाही! राजमा निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात गॅसवर चांगला खळखळून उकळा, ब्रिटनमध्ये दहा मिनिटं सांगतात, अमेरिकेत अर्धा तास, आणि मगच स्लो कुकरकडे वळा. आपला प्रेशर कुकर १२० अंशांच्या जवळ जातो, त्यामुळे तिथे शिट्ट्यांत हे आपोआप उरकतं आणि राजम्याच्या या स्वभावाची आपल्या कुणाला खबरही नसते.

हे सगळं मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘‘म्हणजे हा वैलच झाला की.’’ ज्यांनी मातीची चूल पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: चुलीच्या पुढच्या तोंडावर भाकरी भाजत आणि बाजूच्या लहान तोंडावर, वैलावर, आमटीचं नाहीतर दुधाचं भांडं ठेवलेलं असे. जाळ भाकरीचा; वैलाला जाणारी धग फुकटची. भाकऱ्या होईस्तोवर डाळ आपसूक शिजायची. सासूबाईंच्या माहेरी हुलग्याचं माडगं असंच होई. स्लो कुकर म्हणजे मीटर लावलेला वैल. फार नाही, दोनशे वॅटच्या आसपासचं यंत्र आठ तास चाललं तर दीड युनिटाच्या थोडं वर. पण वैल भाकरीबरोबर विझायचा. या यंत्राला भाकरीच नाही.

बंगाल्यांनी तर ही कल्पना आपल्याआधी भांड्यात उतरवली होती. कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये इकमिक कुकर काढला. एकावर एक डबे, बाहेरून नळकांडं, खाली कोळशाची शेगडी. भात, डाळ, भाजी एकदम लावायची, झाकण बंद करायचं आणि कामाला जायचं. कोळसा विझेस्तोवर जेवण तयार. नॅक्सनच्या अर्जाच्या सव्वीस वर्षं आधी! वीज नाही, खटका नाही, ट्रान्सफॉर्मर नाही. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यातही इकमिक डोकावतो. आणि त्यात पदार्थ तीन व्हायचे. आमचं चिनीमातीचं धूड एका वेळी एकच काय ते करतं, आणि मराठी ताटात एकच पदार्थ वाढला तर समोरचा माणूस बाकीच्यांची वाट बघत बसतो.

एवढी निंदा झाल्यावर गुणही सांगायला हवेत, कारण आहेत.

पहिला आणि सर्वांत मोठा: खपली गव्हाची खीर. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला याचं महत्त्व समजवायला नको. गहू सडून, रात्रभर भिजवून मग पाण्यात शिजत ठेवायचे. गॅसवर ही खीर म्हणजे कैद असते. उलथणं हातातून सोडलं की तळाला लागते, आणि लागलेल्या खिरीचा वास वेलदोड्याने जात नाही. स्लो कुकरला उष्णता चहूबाजूंनी आणि जपून येते, त्यामुळे तळाला लागत नाही. भिजलेले गहू आणि बेताचं पाणी घालून रात्री लावा. सकाळी झाकण उघडलं की दाणा फुललेला, पण अखंड. चमच्यात घेतला तर थरथरतो, खाताना मात्र किंचित दाताखाली येतो. पाण्याची खळ झालेली असते, घट्ट आणि मोतिया. गूळ मात्र तेव्हाच घालायचा, गहू पूर्ण शिजल्यावर. आधी घातला तर दाणा आकडून बसतो. मग नारळाचं दूध, सुंठ, वेलदोडा, जायफळ. दूध घालून फार उकळायचं नाही. आमच्या सासूबाईंनी ती खाल्ली, वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘यंत्र ठेव.’’

मालवणी काळा वाटाणा हा दुसरा. हा दाणा बारा तास भिजवला तरी शिट्ट्यांना दाद देत नाही, आणि चार शिट्ट्या जास्त झाल्या की एकदम फुटून पीठ होतो. मंद आचेवर तो सावकाश नमतो आणि सालीतच राहतो. अख्खे उडीद तसेच. पंजाबची माँ की दाल रात्रभर तंदूरच्या निखाऱ्यावर ठेवायची चीज. तिला शिट्टीची घाई मानवत नाही. ही डाळ आठवड्याला होत असेल तर स्लो कुकर खुशाल घ्या. पण मराठी घरात ती आठवड्याला होत नाही, हॉटेलात होते.

लोणी कढवायलाही बरा, झाकण न ठेवता. तूप करपत नाही. बेरी मात्र फिकट निघते, आणि मुलांची त्यावरून तक्रार येते.

शेवटचा उपयोग मी न्यू जर्सीत पाहिला आणि तो पुस्तिकेत नाही. गणपतीत तिकडच्या मंडळींनी शाळेचा हॉल घेतला होता. प्रत्येक घरून एकेक पदार्थ. भिंतीलगत लांब टेबल, त्यावर ओळीने स्लो कुकर, सगळे वॉर्मवर: एकात कटाची आमटी, एकात मसालेभात, दोनांत छोले, एकात अळूचं फदफदं. टेबलाखाली वायरींचं जाळं. आरती ‘सुखकर्ता’वरून ‘लवथवती’वर आली आणि फ्यूज उडाला. अंधारात कुणीतरी पुरुषी आवाजात विचारलं, ‘‘गुलाबजाम प्लगला कुणी लावले?’’ शिजवायला तिथे कुणीच स्लो कुकर वापरत नव्हतं. सगळ्यांनी घरी प्रेशर कुकरमध्ये शिजवून यात ओतून आणलं होतं. जाऊबाईंच्या स्वतःच्या ओट्यावर तर आता इन्स्टंट पॉट आहे, २०१० च्या सुमारास कॅनडात निघालेलं, प्रेशर आणि स्लो दोन्ही करणारं यंत्र. त्यातलं प्रेशरचं बटण वापरून वापरून पुसट झालंय. ‘स्लो कुक’ लिहिलेलं बटण अजून नवंकोरं आहे.

तर निकाल. परदेशात एकटे राहत असाल, दिवसभर कचेरीत असाल, आणि फोडणीचा धूर झाला की छतावरचा भोंगा बोंबलतो अशा घरात असाल तर स्लो कुकर घ्या. अख्खा मसूर, छोले, भाज्यांचं सूप यांवर आठवडा निघतो, आणि भोंगा झोपलेला राहतो. घरी खपली, काळा वाटाणा किंवा अख्खे उडीद नेहमी होत असतील तरी घ्या. पण रोज वरण-भात-भाजी-पोळी-कोशिंबीर करणाऱ्या घराने त्यासाठी ओट्यावरची जागा अडवू नये. त्यापेक्षा तीन लिटरचा दुसरा प्रेशर कुकर घ्या. एकात वरणभात, दुसऱ्यात उसळ, अर्ध्या तासात दोन्ही मोकळे. आणि जुन्या कुकरची रिंग सैल झाली असेल तर ती उद्याच बदला. निम्म्या घरांत वरण न शिजण्याचं कारण तेवढंच असतं.